झग्याचं माप

हात वर करा फादर, शिंपी म्हणाला, आणि त्यानं हात वर केले. पुढचे कितीतरी दिवस त्याला हेच आठवत राहिलं, की मध्ये काही नव्हतं. 'फादर' हा शब्द आणि वर जाणारे हात यांच्यामध्ये निदान एखादा खोकला, एखादं 'अहो, ऐका', एखादं ओशाळं हसू असायला हवं होतं. नव्हतं. दार वाजलं, गळ्यात टेप अडकवलेला एक जाडसर, घामेजलेला माणूस आत आला, कॉलेजातून आलोय, शंभर वर्षं होतायत ना, सगळ्या फादर लोकांना नवे पांढरे झगे, एकाच ताग्यातले, मिरवणुकीत सगळे सारखे दिसले पाहिजेत, असं एका दमात म्हणाला, पिशवी खुर्चीवर टाकली, शिकवणीच्या फळ्याजवळची जागा पसंत केली, कारण तिथं उजेड होता, आणि म्हणाला, हात वर. कपाटाच्या आरशात त्यानं स्वतःला पाहिलं. घरातला ढगळ सदरा, सुटलेलं पोट, आणि वर गेलेले दोन हात. वेदीपाशी ते असेच वर जायचे, तळवे उघडे, कोपरं जराशी वाकलेली. पकडल्या गेलेल्या माणसाचेही असेच जातात, असं त्याच्या मनात आलं आणि नेमकी तेव्हाच आरशात, त्याच्या उजव्या कोपराच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात बायको दिसली. तिच्या हातात ओलं पातेलं होतं. पातेल्यातून फरशीवर थेंब पडत होते आणि ती ते पडू देत होती.

छाती.

"छाती सैल ठेवू का अंगासरशी?" शिंप्यानं विचारलं. "काही फादरांना सैल आवडतो. वारा खेळतो म्हणतात."

"तुम्हाला योग्य वाटेल तसं," तो म्हणाला आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. मऊ, जरासा वरून येणारा, मिस्सा संपल्यावर दारात उभं राहून माणसांना निरोप देतानाचा. हा आवाज त्यानं तीसेक वर्षांत वापरला नव्हता. त्याला वाटत होतं, झग्यांबरोबर तोही परत केलाय.

बाही.

"तुमचं घर सापडता सापडेना," शिंपी टेप ओढत म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही बाकीच्यांबरोबर फादरांच्या घरातच राहत असाल. मी नवा ना. वडील शिवायचे पूर्वी. मोठ्या फादरांनी स्वतः सांगितलं, अमुक राहिला, तमुक राहिला, सगळ्यांची मापं घ्या. तुमची बदली वगैरे झालीय का इकडे?"

"तसंच काहीसं."

मग शिंप्यानं आवाज खाली आणला. खाली आणलेला आवाज त्या खोलीत जास्तच ऐकू येत होता. "आणि या बाई स्वयंपाकाला का?"

त्यानं तोंड उघडलं. हात वरच होते. हात वर असताना माणसाला बोलता येत नाही की काय कोण जाणे.

"हो," आतून ती म्हणाली. "कायमच्या ठेवल्यात."

बरं झालं, शिंपी म्हणाला, एकट्या माणसाचे खाण्यापिण्याचे हाल होतात, आणि टेप गुंडाळून, कच्ची शिलाई झाली की घालून बघायला आणतो असं सांगून गेला. दार लागलं. जिना उतरणाऱ्या चपलांचा आवाज विरेपर्यंत दोघांपैकी कोणी हललं नाही. मग तिनं पातेलं पुसलं, जागेवर ठेवलं, आणि अगदी साध्या, रोजच्या आवाजात विचारलं, "चहा ठेवू का, फादर?"

हा शब्द तिच्या तोंडून ऐकायची सवय त्याला एके काळी होती, आणि मग ती मोडायला केवढा खटाटोप करावा लागला होता. लग्नानंतर कित्येक महिने तिला हाक मारायला शब्दच सापडत नव्हता. 'फादर' ओठांवर यायचं आणि ती जीभ चावायची. नाव घ्यायला धजायची नाही, 'अहो' म्हणायचं तिला हसू यायचं. ती दुसऱ्या खोलीतून टेबलावर टिचकी वाजवायची आणि तो जायचा. नंतर केव्हातरी 'ऐकलंस का' आलं आणि 'तू' आलं आणि घर घरासारखं झालं. आता चहाचा कप समोर आला तेव्हा त्यात साखर नव्हती. विसरली असेल. त्यानं तसाच प्यायला. ती इस्त्री करायला बसली आणि इस्त्रीच्या वाफेतून त्याला तो दिवस दिसला, फादरपण सोडून लग्न करायची वरून रीतसर परवानगी आल्यानंतरचा, ज्या परवानगीत झगा पुन्हा अंगावर चढवायचा नाही ही एक अट होती. तिन्ही झगे त्यानं स्वतः धुतले, इस्त्री केले, घड्या घातल्या आणि मोठ्या फादरांच्या टेबलावर ठेवले. मोठे फादर तेव्हा खरोखरच मोठे होते, उंच, रुंद, दारातून आत आले की उजेड कमी व्हायचा. तो सगळ्या प्रकारच्या बोलण्याची तयारी करून गेला होता. रागाची, अश्रूंची, धर्मग्रंथातल्या वचनांची. मोठ्या फादरांनी वरचा झगा उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "याचं एक बटण तुटलंय." बस. एवढंच. त्या बटणाचं काय करायचं ते त्याला आजतागायत कळलं नव्हतं.

त्याची गोष्ट लोकांनी लवकर माफ केली. बिचारे फादर, असं म्हणायचे. फिजिक्स किती छान शिकवायचे, म्हणायचे, आणि पोरांना शिकवणीला पाठवायचे. दुकानदार त्याच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करायचे आणि तिच्याशी फक्त वजनमापाचं बोलायचे. जे काही घडलं ते त्याच्या बाबतीत घडलं होतं आणि ते तिनं केलं होतं, असा गावाचा हिशोब बसला होता. वास्तविक झालं ते उलटं. ती गणित शिकवायची, कॉलेजच्या कॉयरमध्ये खालच्या सुरात गायची आणि तिला कशाचीच घाई नव्हती. तोच वेदीपाशी पाठमोरा उभा राहून कान मागे लावायचा. कॉयर चॅपेलच्या मागच्या माळ्यावर असायचं. वीसेक माणसं एकदम श्वास घ्यायची आणि त्यातला एक श्वास तिचा, हे त्याला ओळखू येऊ लागलं. गाणं नव्हे, गाण्याआधीचा श्वास. ध्वनी शिकवणाऱ्या माणसाला हे अशक्य आहे हे ठाऊक होतं. तरी यायचा.

खांदे.

खांदे घ्यायचे राहिलेच, असं म्हणत शिंपी दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला होता. तेव्हा ती बाजारात गेली होती. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. खोलीत दोघंच, शिंपी पाठीमागे, तोंडाकडे बघायचंही नाही. त्यानं सांगितलं नाही. शिंप्याची बोटं एका खांद्याच्या टोकावरून मानेच्या मागून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि त्याला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट. इतकं बरं वाटलं की त्यानं डोळे मिटले. कोणीतरी आपल्याला मोजून परत आत घेतंय. आपली रुंदी कोणाला तरी हवीय. नवे झगे घालून सगळे फादर मिरवणुकीत चालतील, फाटकापासून चॅपेलपर्यंत, दुतर्फा मुलं, आणि बाकीचे सगळे जसे दिसतील तसाच तोही दिसेल, आणि ती कुठं असेल? या प्रश्नापाशी त्यानं डोळे उघडले. शिंपी गेला होता.

ती कुठं असेल. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ती म्हणाली होती, "मी तर काहीच सोडलेलं नाही. मी जाते गायला." तिची साधी, गणिती सरळ रेष. तो तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेला आणि रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानासमोर उभा राहिला. दुकान बंद होतं. तो बंद दुकानाची पाटी वाचत राहिला. पहिली घंटा व्हायच्या आत ती परत आली. चालत, अजिबात न धावता. "जागा धरलीय कुणीतरी," एवढंच म्हणाली. नंतर कधीतरी इतरांकडून, तुकड्यातुकड्यांनी त्याला कळलं, की माळ्यावरच्या तिच्या खुर्चीवर गाण्याच्या पुस्तकांची थप्पी होती, नीट रचलेली, पाठीला टेकवून. त्या कॉयरचा तो रिवाजच होता. कोणाची जागा ठेवायची असली की खुर्चीवर पुस्तकं ठेवायची. मग तिथं बसायचं नाही. तिनं पुस्तकं पाहिली, आजूबाजूच्यांनी खाली पाहिलं, ती जिना उतरून आली. तेव्हापासून ती दूरच्या एका लहान चर्चमध्ये जाते, शेवटच्या बाकावर बसते आणि गाण्याच्या वेळी फक्त ओठ हलवते. घरात नाही, न्हाणीघरात नाही, कुठंच नाही. मुलगी झाली तेव्हा अंगाईच्या जागी तिनं पाढे म्हटले, एकसुरी, सपाट. मुलगी अजून सांगते, सतराच्या पाढ्याला मला जांभई येते. त्यानं कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही. असं दोघांनी मिळून ते गाणं घरातल्या एखाद्या बंद खोलीसारखं ठेवलं होतं, जिच्यासमोरून जाताना पाय आपोआप हलके पडतात.

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. "बाबा, आई म्हणते तुझी बढती झाली. परत फादर!" आणि ती खदखदून हसली.

"आई हसत होती का सांगताना?"

मुलगी थांबली. "तेच कळलं नाही बघ. तू तो घालणार नाहीयेस ना?"

"छे!"

"मग सांगितलंस त्या शिंप्याला?"

फोनमध्ये कुठल्यातरी रस्त्याचा आवाज येत राहिला.

"बाबा?"

"सांगणारे," तो म्हणाला, आणि मुलगी तिच्या आईच्या आवाजात म्हणाली, "सांग मग."

म्हणून तो कॉलेजात गेला. शिंप्याला सांगण्यापेक्षा मुळाशीच जाऊन सांगावं, असं त्यानं स्वतःला पटवलं. फाटकाला ओला रंग होता. इमारतीला परांची बांधलेली, कोणीतरी वरून खाली ओरडत होतं, खालून वर कोणी ओरडत होतं, आणि मैदानात खुर्च्यांचे ढीग. व्हरांड्यातली जुन्या वर्गांची छायाचित्रं रंगासाठी काढून ठेवली होती आणि भिंतीवर त्यांच्या मापाचे फिकट चौकोन राहिले होते. फिजिक्सच्या प्रयोगशाळेसमोर त्याचे पाय हळू झाले. वास तोच होता, तापलेल्या तारेचा आणि जुन्या लाकडाचा. प्रिन्सिपल त्याचा विद्यार्थी. तेव्हाही वर्ग शांत ठेवायचा म्हणून त्याला सगळे मॉनिटर म्हणायचे, आणि मागे अजूनही म्हणतात.

"सर!" मॉनिटर धावत आला. "मी स्वतः येणार होतो हो. झग्याचं कळलं मला. मोठ्या फादरांनी तुमचंही सांगून टाकलं. त्यांचं आता तुम्हाला माहितीय ना, कधी असतात, कधी नसतात. पण सर, मी म्हणतो, राहू द्या की. कोण विचारतंय? शंभर वर्षांतून एकदा निघणारा फोटो. त्यात तुम्ही नसलात तर आम्हालाच चुकल्यासारखं होईल."

"आणि मॅडम?" त्यानं विचारलं. विचारताना त्याला कळलं, की आपण स्वतःच्या बायकोला मॅडम म्हणालो.

"मॅडमना पाहुण्यांत बसवू. मागे, पंख्याखाली. उकाड्याचा त्रास नको त्यांना." मॉनिटरच्या चेहऱ्यावर निखळ काळजी होती. त्याचा जरासुद्धा वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच त्याच्यावर रागावता येईना.

मोठे फादर मागच्या घराच्या ओसरीवर चाकांच्या खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर शाल. खुर्ची त्यांना मोठी होत होती. दारातून आत येताना ज्यांच्यामुळे उजेड कमी व्हायचा, ते आता उजेडात विरघळत चालले होते.

"कोण?"

"मी, फादर. फिजिक्स."

"हां." डोळे त्याच्यावर फिरले, छातीशी थांबले. "बटण लावलंस?"

त्याला हसू आलं. तो खाली, पायरीवर बसला. "फादर, माप घ्यायला माणूस आला होता. काहीतरी गोंधळ झालाय. मी सोडलं ना. आठवतं ना तुम्हाला?"

"मी काय वेडा आहे? सकाळी खाल्लं की नाही ते आठवत नाही. हे आठवतं. तीन झगे आणून ठेवलेस. रडवेला झाला होतास."

"मग माप कशाला?"

"मला विचारलं, शंभर वर्षांत इथं कोणकोण होतं. मी सांगितलं. तुला त्यातून काढू कसा? होतासच तू." ते थोडा वेळ मैदानातल्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती येते का अजून गायला?"

"नाही."

"का? जागा ठेवली होती मी तिची." म्हाताऱ्या हातानं हवेत काहीतरी उचललं, एकावर एक रचलं. "ती दुसरी, नवीन आलेली, मुद्दाम तिथं बसायला बघत होती. मी म्हटलं, बरं. गुडघे दुखत होते तरी माळ्यावर गेलो. होती नव्हती ती सगळी पुस्तकं तिच्या खुर्चीवर रचली. म्हटलं, आता बसून दाखवा. आली नाही का ती?"

"आली होती, फादर."

"मग?"

मैदानात एक खुर्ची पडली, तिच्यावर दुसरी पडली.

"तिचं माप घेतलं का?" मोठ्या फादरांनी विचारलं, आणि तो काही बोलायच्या आतच त्यांच्या डोळ्यांतली ओळख दिवा मालवावा तशी गेली. "कोण तू?"

"फिजिक्स."

"हां. जाताना प्रयोगशाळेची बटणं बंद करून जा."

तो चालत घरी आला. बस समोरून गेली, थांबली, पुन्हा गेली. खरं असेल का? की आज सकाळी सुचलं असेल, एखाद्या म्हाताऱ्या, दयाळू, भोकं पडलेल्या डोक्याला? आवाज भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा मूळ आवाज कुठला आणि प्रतिध्वनी कुठला, हे त्यानं पोरांना सोप्या आकृतीनं समजावलं होतं. पण भिंत तीस वर्षं लांब असली तर? आणि खरं असेल तर ते घरात न्यायचं कसं? सांगावं, तर तिच्या इतक्या वर्षांच्या मुकेपणाखालची जमीन काढून घेतल्यासारखं. न सांगावं, तर तो पुन्हा बंद दुकानाची पाटी वाचत उभा.

त्यानं सांगितलं. ती वाल सोलत बसावं तशी शांत बसून एका सदऱ्याचा उसवलेला खिसा शिवत होती. सुई आत गेली, बाहेर आली. शेवटपर्यंत ऐकून तिनं दातानं दोरा तोडला.

"खोटं बोलायची शुद्ध उरलीय का त्यांना?"

"नाही."

"मग खरं असेल." आणि मग सुई खाली ठेवून ती म्हणाली, "एक शब्द! जिन्यात उभं राहून 'ही तुझी जागा' म्हणायला काय जात होतं त्या माणसाचं? पुस्तकं रचली म्हणे. आणि मला काय स्वप्न पडणार होतं? आपल्या खुर्चीवर पुस्तकं म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी खुर्ची, एवढंच मला कळतं."

"हो."

"आणि तू?"

"मी रस्त्यापलीकडे होतो."

"तेच. मी येऊन म्हटलं, जागा धरलीय. तू विचारलंस का, कोणासाठी?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, त्या खालच्या सुरात, जो त्यानं किती वर्षांत ऐकला नव्हता. "तुला सुटल्यासारखं झालं होतं. दिसलं मला. म्हणून मीही पुन्हा विषय काढला नाही. मी तरी उचलून बघायला हवी होती ती पुस्तकं, ते कबूल. पण मी एकटी होते रे वर."

मग तो म्हणाला, "त्यांनी विचारलं, तुझं माप घेतलं का."

"स्वयंपाकीणबाईचं?" ती म्हणाली, पण ओठाचं एक टोक जरासं हललं, आणि तिनं पुन्हा सुई उचलली.

शिंपी आला तो झगा हातांवर आडवा घेऊन, झोपलेलं मूल आणावं तसा. पांढरा, काळ्या दोऱ्याच्या लांब लांब टाक्यांचा. "कच्ची शिलाई आहे हं, जपून. हात वर करा फादर."

या वेळी मध्ये जागा होती. शब्द आणि हात यांच्यामध्ये. लहानशीच, पण उभं राहण्यापुरती. तो त्या जागेत उभा राहिला.

"मी फादर नाही," तो म्हणाला. "होतो. पुष्कळ वर्षांपूर्वी सोडलं. आणि या स्वयंपाकाच्या बाई नाहीत. म्हणजे करतात स्वयंपाक. मीही करतो. ही माझी बायको."

शिंप्याचा चेहरा झग्यासारखा झाला. "अरे देवा! बाई, मी काहीच्या बाही... पण तुम्हीच तर हो म्हणालात!"

"मग काय म्हणणार? साहेबांचे हात अडकले होते," ती दारातून म्हणाली.

"आता याचं काय करू हो मी? कापलं की सगळं."

"कॉयरचे झगे तुम्हीच शिवताय?" त्यानं विचारलं.

"हो, याच ताग्यातले. थोडे आखूड, बाही रुंद."

"मग हा उसवा आणि हिच्या मापाचा करा."

"बाई कॉयरमध्ये आहेत? मला कोणी बोललं नाही."

"जागा आहे त्यांची," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता थबकला. पुन्हा आपणच बोलतोय. पुन्हा तिचं काय ते दुसऱ्या कोणीतरी ठरवतंय आणि ती दारात उभी आहे. तो तिच्याकडे वळला. "म्हणजे, तू ठरव. नको असेल तर हा तसाच परत जाईल. मी मागे पंख्याखाली बसेन तुझ्याशेजारी. पण जायचं असेल तर मी येतो. फाटकापर्यंत नाही. वर, माळ्यावर. खुर्चीवर जे काही असेल ते मी उचलतो."

शिंपी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. ती हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसत होती.

"आवाज राहिला असेल का कोण जाणे," ती म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही.

मग फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकून ती फळ्याजवळ, उजेडात येऊन उभी राहिली. शिंप्यानं काही म्हणायच्या आधीच तिनं हात वर केले. त्यानं टेप तिच्या पाठीमागून घेतला, चाचरला, घसा साफ केला.

"बाई, छाती... सैल ठेवू का अंगासरशी?"

"सैल," ती म्हणाली. "चांगली सैल ठेवा. गाण्याआधी श्वास घ्यावा लागतो."